पायाभरणीच्या आधीचे वर्ष

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रिझर्व्ह बँकेने चार वेळा मिळून आपला रेपो दर सव्वा टक्क्याने उतरवला. या दोन घटनांचे देशाच्या अर्थकारणावर काय परिणाम झाले ते तज्ज्ञ सांगतील. माझ्या ओट्यावर झालेला परिणाम असा, की "आता घर बांधायला घ्यावे काय?" असे विचारीत येणाऱ्या मंडळींची संख्या एकाएकी वाढली. मी वास्तुविशारद नव्हे, ठेकेदारही नव्हे; एका सरकारी खात्यात हिशेब लिहिता लिहिता पेन्शनीत निघालेला मनुष्य. तथापि २००९ साली मी स्वतः उन्हात उभे राहून आपले घर बांधले आणि त्यात केलेल्या चुका कोणापासून लपविल्या नाहीत, एवढ्या भांडवलावर आमच्या आळीत मी या विषयातला जाणता ठरलो आहे.

गेल्या पंधरवड्यात माझा पुतण्या आला. काखेत नकाशाची गुंडाळी, चेहऱ्यावर उत्साह. "काका, सिमेंट उतरलंय, व्याज उतरलंय. अक्षय तृतीयेला पाया खणायला घेतो. ठेकेदार तयार आहे, दोन लाख उचल मागतोय," असे एका दमात सांगून मोकळा झाला. त्याच्या मागोमाग वहिनी आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु त्या का आल्या ते मला ठाऊक होते. राजवाड्यामागच्या बोळातील आमचा वाडा विकला गेला, तीन वाटे झाले, आणि दादाच्या माघारी त्याचा वाटा वहिनींच्या खात्यात पडला. त्यांतून पश्चिमेकडच्या एका कॉलनीत भूखंड घेऊन झाला आहे. उरलेली रक्कम म्हणजे त्यांची सारी पुंजी. ती एकदा वाळू-सिमेंटात गेली की पुन्हा येणार नाही.

इंदुरातील जुन्या मराठी घरांत ही कथा आता नवी राहिलेली नाही. होळकरांच्या चाकरीत आलेल्या आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले. पुढच्या पिढ्यांनी ते सांभाळले, दुरुस्त केले, आणि मुख्यतः वाटून घेतले. बांधण्याची विद्या मात्र मध्येच कोठे तरी गळून पडली. आजोबांस चुना किती दिवस भिजवावा, सागाची तुळई कोणत्या महिन्यात तोडलेली असावी, हे ठाऊक होते. आम्हांस ठाऊक होते ते भिंत कोणाच्या वाट्याची आणि गळणारे कौल कोणी बदलायचे एवढेच. अशा पिढीच्या हाती एकदम रिकामा भूखंड आणि पन्नास लाखांची उलाढाल येते. 'घर पाहावे बांधून' असे आपण म्हणतो. आधी पाहून मग बांधावे, असे कोणी म्हणत नाही.

म्हणून प्रथम या स्वस्ताईचाच हिशेब करू. सोयीसाठी सिमेंटच्या पोत्याची करापूर्वीची किंमत तीनशे रुपये धरा. जुन्या दराने ते ३८४ रुपयांस पडे, नव्या दराने ३५४ रुपयांस. पोत्यामागे तीस रुपये वाचले. मिस्त्री लोकांचा ठोकताळा असा, की एका चौरस फुटास साधारण चार दशांश पोते लागते. म्हणजे पंधराशे फुटांच्या घरास सहाशे पोती, आणि बचत अठरा हजार रुपयांची. व्याजाचेही तसेच. तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेआठऐवजी सव्वासात टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे २,३०० रुपयांनी उतरतो. ही रक्कम क्षुल्लक नाही. ती मिळत असेल तर अवश्य घ्यावी. पण माझ्या घराच्या मागच्या भिंतीस गेलेली एक तड सांधण्यास २०१२ साली मला सव्वा लाख रुपये मोजावे लागले होते, आणि ती तड सिमेंट महाग होते म्हणून गेली नव्हती.

ती हकीकत थोडक्यात सांगतो, कारण इतरांस सांगण्यासारखे माझ्यापाशी तेवढेच खरे ज्ञान आहे. माझ्या भूखंडाच्या पुढल्या बाजूस चार फुटांवर घट्ट मुरूम लागला. ठेकेदाराने त्या खोलीचा अंदाज धरून सगळीकडे साडेचार फूट खणले आणि पाया भरला. मागल्या कोपऱ्यात काळी माती किती खोल आहे हे त्यानेही पाहिले नाही आणि मीही पाहिले नाही. ती नऊ फूट होती. माळव्याची काळी माती गव्हाला आणि सोयाबीनला माउलीसारखी. घराला मात्र ती वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, वैशाखात आक्रसते आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकमजली हलक्या घराला ती वर्षातून एकदा उचलते आणि एकदा खाली ठेवते. घराचा पुढचा भाग मुरमावर स्थिर आणि मागचा मातीवर डोलता, अशी स्थिती झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी रेघ उमटली. सौ.ने कॅलेंडर टांगून ती झाकली. तिसऱ्या उन्हाळ्यात कॅलेंडर पुरेना.

यावर उपाय नाही असे नव्हे. पाया मुरमापर्यंत नेणे हा एक. आणि माती फारच खोल असेल तर ज्यांचे टोक जमिनीखाली कांद्यासारखे फुगवलेले असते असे खांब उतरवणे हा दुसरा. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने असल्या मातीसाठी ही रीत चांगली रुळविली आहे. मातीची हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालते, म्हणून फुगवटा त्याच्या सुमारास ठेवतात. परंतु यांपैकी काय करावे हे माती पाहिल्यावाचून कोणालाच सांगता येत नाही. भूखंडाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक खड्डा, जमल्यास रीतसर परीक्षण, एवढ्यास जो खर्च येतो तो स्वयंपाकघरातील फरशीच्या खर्चापुढे काहीच नाही. फरशी निवडण्यास मात्र आपण सहकुटुंब चार रविवार घालवतो.

आपल्याच शहराच्या इतिहासात या बाबतीत एक धडा पडून आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याने १९१८ साली होळकर दरबारास इंदूरसंबंधी दोन खंडांचा अहवाल सादर केला. दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग स्वच्छ रस्त्यांवरून ठेवून त्याने साऱ्या शहरास झाडू हाती घ्यावयास लावले, ही त्याची गोष्ट आजही सांगितली जाते. पण त्याची खरी शिकवण निराळी होती. आधी गल्लीबोळ पायी हिंडावे, काय आहे ते पाहावे, आणि मग आराखड्यास हात घालावा. रोग्याची नाडी पाहिल्यावाचून शस्त्र चालवू नये. हे शहरास जसे लागू, तसे तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब भूखंडासही लागू आहे.

पुतण्याची गुंडाळी उघडून पाहिली. दर्शनी भाग रंगीत, त्यात मोटार उभी, झाडावर पक्षी. बाजूच्या घराचे सांडपाणी कोणीकडे जाते, नर्मदेच्या पाण्याची नळवाहिनी कोठून येणार, रस्त्याची पातळी किती, यांतले काहीच कागदावर नव्हते. जोते किती उंच, असे विचारले तर म्हणाला, "दीड फूट, काका. नियमात बसतं." नियमात बसते हे खरे, राष्ट्रीय इमारत संहिताही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर म्हणते. पण आपल्याकडे काँक्रीटचा रस्ता जुन्या रस्त्यावरच चढवतात. दर खेपेस तो वर येतो आणि घर तेथेच राहते. ज्यांची घरे बांधताना रस्त्यावर होती आणि आता रस्त्याखाली आहेत, अशी चार घरे मी त्याला आमच्याच आळीत दाखवली. पहिल्या पावसात तेथील माणसे दारात पोती लावून बसतात.

सांडपाण्याविषयी तर २०२५ च्या डिसेंबरअखेर नंतर इंदूरकरास वेगळे सांगावे लागू नये. भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैल्याचे पाणी मिसळले आणि माणसे दगावली. सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळविणाऱ्या गावात हे घडले. तो दोष यंत्रणेचा, आणि त्याचा जाब यंत्रणेसच विचारला पाहिजे. पण आपल्या भूखंडाच्या हद्दीत पिण्याचा नळ आणि मोरीचा पाइप एकाच चरातून नेणारा ठेकेदार आपणच नेमलेला असतो. दोन चर खणण्याची मजुरी वाचते म्हणून तो तसे करतो, आणि वरून माती लोटल्यावर ते कोणास दिसत नाही.

येथे जरा आडवाटेने जातो. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग महाल सजवून घेतला, तेव्हा दिवे, खुर्च्या, दारांच्या मुठीसुद्धा आधी कागदावर ठरल्या होत्या आणि कित्येक वस्तू जर्मनीतून तयार होऊन आल्या. राजेलोकांना परवडते, असे कोणी म्हणेल. मी उलट म्हणतो. राजाला भिंत पाडून पुन्हा बांधणे परवडत होते, तरी त्याने आधी कागदावर ठरवले. आपल्याला एक वीट पाडणे परवडत नाही आणि आपण विजेचा बोर्ड कोठे हवा हे गिलावा झाल्यावर ठरवतो. पुढे त्याच माणिकबागेत केंद्रीय करखात्याची कचेरी थाटली गेली, हा कालमहिमा.

आता कायद्याकडे वळतो, कारण या विषयातील खरी विषमता तेथे आहे. फ्लॅट घेणाऱ्याच्या रक्षणार्थ २०१६ साली रेरा कायदा झाला. बांधणाऱ्याने प्रकल्प नोंदवावा, घेतलेल्या पैशांचे स्वतंत्र खाते ठेवावे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो स्वखर्चाने दूर करावा, अशा तरतुदी त्यात आहेत. भूखंड पाडून कॉलनी विकणाऱ्यासही हा कायदा लागू आहे. म्हणजे वहिनींनी भूखंड घेतला तोवर कायदा त्यांच्या पाठीशी होता. ज्या दिवशी त्यांचा मुलगा त्यावर स्वतः घर बांधावयास उभा राहील, त्या दिवसापासून तो कायदा मागे सरकतो. कारण आता बांधणाराही तोच आणि घेणाराही तोच. त्याने तक्रार कोणाविरुद्ध करावी? ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा मानली आहे, तेव्हा ठेकेदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते. पण तेथे पहिला प्रश्न येतो, करार कोठे आहे? आणि आपल्याकडे करार म्हणजे वहीच्या कागदावर 'इतके रुपये फूट' आणि खाली अंगठ्याएवढी सही.

'इतके रुपये फूट' यातला फूट कोणता, यावर मी दोन भावांचे आणि एका ठेकेदाराचे नाते तुटलेले पाहिले आहे. स्लॅबचा फूट की खोलीच्या आतला? जिना एकदा मोजायचा की प्रत्येक मजल्यास? सज्जा पूर्ण की अर्धा? जोत्यातली भरणी, पाण्याची टाकी, आवाराची भिंत, गच्चीचे कठडे, सेंट्रिंगची लाकडे, बांधकामास लागणारे पाणी हे त्या दरात आहे की वेगळे? या प्रश्नांची उत्तरे खणण्याआधी अर्ध्या दिवसात मिळतात. स्लॅब पडल्यावर ती मिळवायला सहा महिने जातात आणि काम तेवढे दिवस थांबते. शिवाय पैसे तारखेवर द्यायचे नाहीत, टप्प्यावर द्यायचे. जोते झाले की इतके, स्लॅब झाला की इतके, गिलावा झाला की इतके, आणि शेवटचे काही घर एक पावसाळा पाहील तोपर्यंत आपल्यापाशी. बँकही असेच करते. काम झालेले पाहून मगच पुढचा हप्ता सोडते. बँकेने जे शहाणपण स्वतःसाठी राखले आहे ते आपण का सोडावे? दोन लाख उचल मागणाऱ्यास मी नकार द्यावयास सांगितले. सामान आपण घेऊन द्यावे, उचल मजुरीच्या एका आठवड्याइतकीच असावी.

मजुरांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. १९९६ च्या जुन्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे बांधकाम बांधकाम-कामगारांच्या तरतुदींतून आणि उपकरातून वगळलेले होते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. मध्यमवर्गीय मालकाची कटकट वाचली, हे खरे. परंतु पन्नास लाखांखालचे घर हे काही खेळण्यातले घर नव्हे. त्याच्याही परातीवरून माणूस पडतो. तो माणूस बहुधा झाबुआ, आलिराजपूर किंवा बडवानीकडून बायकापोरांसह आलेला असतो आणि आपल्याच अर्धवट भिंतींच्या आडोशाला निजतो. कायद्याने आपल्याला सूट दिली म्हणून त्याचा विमा उतरवू नये असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. घराच्या एकंदर खर्चात तो आकडा शोधावा लागेल इतका लहान असतो. आमच्या घराच्या वेळी मी तो उतरवला नव्हता. कोणी पडले नाही, हे माझे नशीब. माझे शहाणपण नव्हे.

याच मंडळींच्या पंचांगावर आपले वेळापत्रक बसवावे लागते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया भरतो तेव्हा इंदुरातील निम्मे गवंडीकाम थांबते. आषाढाच्या तोंडावर पेरणीसाठी ते पुन्हा गावी जातात. ज्याने हे ध्यानात घेतले नाही त्याचा स्लॅब नेमका बांधलेल्या सळ्यांनिशी पंधरा दिवस तसाच राहतो. आणि अक्षय तृतीयेस पाया खणणे म्हणजे काय? खणून, सळ्या बांधून, काँक्रीट भरेतो ज्येष्ठ उजाडतो. एक वळवाचा पाऊस पडला की काळ्या मातीचा खड्डा म्हणजे डबके. कडा ढासळतात, तळाचा घट्ट थर चिखल होतो. त्यात उन्हाळ्यात पाण्याची तंगी. अलीकडच्या वर्षांत त्या महिन्यांत खाजगी बोअर खोदण्यावर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी येते, टँकरचे भाव चढतात. आणि काँक्रीटला तर साधे सिमेंट असेल तर निदान सात दिवस, राखमिश्रित असेल तर दहा दिवस, आणि आपल्यासारख्या कोरड्या उन्हात त्याहून अधिक काळ ओले ठेवावे लागते. पाणी विकत घेणारा मालक चौथ्या दिवशीच हात आखडता घेतो. तेव्हा आमच्याकडचा शहाणा क्रम असा, की पाया दिवाळीनंतर खणावा, संक्रांतीच्या सुमारास जोते भरावे, भगोरियापूर्वी स्लॅब टाकावा, आणि तो ओला ठेवण्यास घरची माणसे पुरेशी असतातच.

म्हणजे पुतण्याच्या हाती अजून सहा-सात महिने आहेत. ते वाया जाणारे महिने नव्हेत. रजिस्ट्री झाली आहे, पण नामांतरण झाले का? कॉलनीचा नकाशा नगर-ग्राम निवेश खात्याने मंजूर केलेला आहे का, जमिनीचे डायव्हर्शन आहे का, याचे कागद त्याने स्वतः पाहिले नव्हते. विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर तो समाधानी होता. गृहनिर्माण संस्थांच्या भूखंडांची प्रकरणे इंदुरास नवीन नाहीत, एकच तुकडा दोघातिघांस विकल्याच्या तक्रारी या शहराने पुष्कळ ऐकल्या आहेत. नगर निगमाची बांधकाम परवानगी, छतावरच्या पावसाच्या पाण्याची व्यवस्था, वीजजोडणी, ही कामेही याच काळातली.

आणि येथे मला अरण्य वसाहतीची आठवण होते. आग्रा-मुंबई रस्त्याच्या अंगाला इंदूर विकास प्राधिकरणाने १९८०नंतरच्या दशकात वसवलेली ही वस्ती बाळकृष्ण दोशी यांनी आखली. पुण्यात जन्मलेले हे वास्तुकार २०१८ साली प्रित्झकर पारितोषिकाचे मानकरी झाले आणि २०२३ च्या जानेवारीत निवर्तले. अरण्यास १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला. सुमारे ८५ हेक्टरांवर साडेसहा हजार भूखंड, त्यांतले बहुतेक गरिबांसाठी, सर्वांत लहान सुमारे ३५ चौरस मीटरांचा. नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखविली. बाकीच्यांस घर दिलेच नाही. दिले ते जोते, संडास-न्हाणी, पाणी, वीज आणि गटार. वीस-वीस घरांमागे एक मैलटाकी. पुढचे ज्याचे त्याने, ऐपत येईल तसे बांधावे: एक खोली, मग जिना, मग वरची खोली, मग पुढे दुकान.

मी तेथे एकदा नव्हे, पुष्कळदा हिंडलो आहे. मूळ नमुना आता शोधावा लागतो; लोकांनी मजले चढविले, सज्जे पुढे आणले, टाइल लावल्या, कित्येकांनी विकूनही टाकले. टीकाकार म्हणतात, वसाहत बिघडली. माझ्या मते त्यातली मुख्य गोष्ट अजून उभी आहे. जी चूक झाल्यास पुन्हा दुरुस्त होत नाही ती कामे, म्हणजे जमिनीचा हक्क, जोते, पाणी, मैला, ही सार्वजनिक यंत्रणेने आधी करून दिली. जी चूक झाल्यास पुढे सुधारता येते ती कामे लोकांच्या हौसेवर आणि ऐपतीवर सोडली. इतकी साधी विभागणी. आणि चाळीस वर्षांत तिचा आपल्याला विसर पडला.

कारण आजचे धोरण पाहा. सिमेंटवरचा कर उतरवला, व्याज उतरले; पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ पासूनच्या दुसऱ्या शहरी टप्प्यात आपल्या जमिनीवर स्वतः बांधणाऱ्या दुर्बल कुटुंबास अडीच लाखांपर्यंत साहाय्य मिळते. हे सर्व चांगले आहे, मी त्याची थट्टा करीत नाही. पण ही सारी मदत पैशाच्या रूपात आहे आणि बहुतेक भिंतींपर्यंत पोचते. जमिनीखालच्या गोष्टींसाठी मालकाला कोणी विचारीत नाही. या शहरात दरवर्षी सरकारी आणि खाजगी मोठ्या इमारतींसाठी मातीची परीक्षणे होतात. कोणत्या कॉलनीत मुरूम किती खोल लागतो याची वॉर्डवार माहिती नगर निगमाने परवानगीच्या कागदाबरोबर दिली, रस्त्याची अंतिम पातळी लिहून दिली, आणि एका पानाचा छापील नमुना-करार त्यास जोडला, तर खर्च कागद-शाईचा. माझ्यासारख्यांचे सव्वा लाख वाचले असते. परवानगी ही मालकाने नियम मोडू नये म्हणून असते. त्याचे घर मोडू नये म्हणूनही ती का असू नये?

असो. पुतण्याला मी हे सगळे इतक्या क्रमाने सांगितले नाही. सांगितले असते तर तो अर्ध्यावर उठून गेला असता. मी त्याला मागच्या खोलीत नेले आणि सांधलेल्या तडीवर त्याचा हात ठेवला. गिलाव्याखाली ती अजून बोटाला लागते. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तिसऱ्या दिवशी गुरुजींना येतो म्हणून सांगितलंय. मुहूर्त चुकवायचा का?"

मुहूर्त चुकवायचे कारण नाही, असे मी म्हणालो. अक्षय तृतीयेस नारळ फोडू, पूजा करू, आणि कुदळ मारू ती पाच खड्ड्यांसाठी. मुरूम लागेपर्यंत खणू, खोली लिहून ठेवू आणि माती घेऊन अभियंत्याकडे जाऊ. पुतण्याने गुंडाळीच्या पाठीमागे पाच चौकोन काढले आणि प्रत्येकात प्रश्नचिन्ह घातले. ठेकेदाराला त्याने तेथूनच फोन केला. तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही, पण पुतण्या दोनदा म्हणाला, "नाही, दिवाळीनंतर." वहिनींनी विचारले, खड्डे खणायला माणसे किती लागतील आणि त्यांच्या जेवणाचे काय. मी म्हणालो, दोन माणसे आणि एक दिवस; टेप मी घेऊन येतो.